'फँड्री' बघताना हसू आलं तर? : चित्रपटावरच्या वादातून संशोधन-प्रश्न कसा काढायचा

पेटची तयारी करणाऱ्या आमच्या तळेगावच्या गटात महिन्यातून एकदा एक चित्रपट बघायचा आणि मग तासभर त्यावर भांडायचं, असा शिरस्ता आहे. लोणावळ्याहून, कामशेतहून, वडगावहून लोकलने येणारी सात-आठ जणं असतात. बहुतेकांचं एम.ए. झालंय, काहींची सेट झालीय, सगळ्यांना सिनॉप्सिस लिहायचंय. ह्या खेपेला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' लावला होता.

वादात तीन बाजू पडल्या. पहिली : मास्टरपीस आहे, विषय संपला. दुसरी : संथ आहे, पुरस्कारांकडे डोळा ठेवून केलाय, शेवट म्हणजे न बोललेलं भाषण. तिसरी बाजू म्हणजे खरं तर एका मुलीचा प्रश्न होता. ती म्हणाली, "राष्ट्रगीत लागतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात ना, तिथे मला हसू आलं. मग लाज वाटली. हे दिग्दर्शकाचं यश की माझंच काहीतरी चुकतंय?"

पहिल्या दोन बाजूंनी पन्नास मिनिटं खाल्ली. तिसऱ्या प्रश्नाला उरलेली दहा. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे, कारण तिन्हींपैकी संशोधन करता येईल असा तो एकच होता. 'मास्टरपीस' आणि 'संथ' ही दोन्ही मतं आहेत. ती असायला हरकत नाही, पण ती सिद्ध कशी करणार आणि खोडणार कशी? 'मला इथे हसू आलं आणि मग लाज वाटली' हे मात्र निरीक्षण आहे. त्याला जागा आहे, वेळ आहे, आणि 'का?' विचारता येतं.

आधी शब्द नीट करून घेऊ

गटात कुणीतरी म्हणालं, "ही तर ब्लॅक कॉमेडी आहे." लगेच दुसरा उसळला, "एवढ्या दुःखाच्या चित्रपटाला कॉमेडी काय म्हणता?" दोघंही एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये गाइड पहिली लाल रेघ इथेच ओढतात.

काळा विनोद ही कल्पना साहित्यात रुळवण्यात फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतों यांच्या १९४० सालच्या संकलनाचा मोठा वाटा आहे. त्यानंतर व्याख्या पुष्कळ झाल्या. कामापुरती एक कसोटी मी वापरतो, ती सांगतो. प्रसंगातला विनोद काढून टाका. दुःख तसंच्या तसं उरलं, तर तो विनोद विसाव्यासाठी घातलेला होता. दुःखही नाहीसं झालं, म्हणजे हसवणारी गोष्ट आणि दुखवणारी गोष्ट एकच निघाली, तर तो काळा विनोद. आपल्या कितीतरी चित्रपटांत नायकाचा मित्र अधूनमधून येऊन हसवून जातो. तो पहिला प्रकार. 'फँड्री'तल्या राष्ट्रगीताच्या प्रसंगातून हसू वेगळं काढून दाखवा बरं. नाही जमत. तो दुसरा प्रकार.

ह्या जातीच्या चित्रपटांना शाळा फार मानवते, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत १९८९ साली आलेला 'हेदर्स' घ्या. हेदर ह्याच नावाच्या तीन मुली सगळ्या शाळेवर राज्य करतात. पुढे खून होतात, ते आत्महत्या म्हणून खपवले जातात, आणि मोठी माणसं त्या खोट्या आत्महत्यांवर खरे अश्रू ढाळतात. किंवा १९९९ चा 'इलेक्शन' घ्या : शाळेच्या विद्यार्थी-निवडणुकीत एक शिक्षक एका हुशार मुलीला पाडण्यासाठी किती खाली उतरतो, त्याची गोष्ट. शाळाच का? कारण शाळेत उतरंड असते, अपमान रोजचा असतो, आणि तो सगळ्या वर्गासमोर होतो. शाळेत अपमानाला प्रेक्षक आयते मिळतात. हा मुद्दा धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

'हेदर्स'वरचा वादही बघण्यासारखा आहे. पहिल्यांदा लागला तेव्हा तो चालला नाही, नंतर त्याचे कट्टर चाहते तयार झाले. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, आणि त्यानंतर तोच चित्रपट लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. चित्रपटातली एक चौकटही बदललेली नव्हती. बघणारे कोण आणि कधी बघतायत, ते बदललं होतं. म्हणून काळ्या विनोदाचा दर्जा ठरवताना 'कोण हसलं, कधी हसलं' हे वगळून चालत नाही.

हसण्याची दिशा : 'शाळा' आणि 'फँड्री'

तुलनेसाठी जवळचा चित्रपट निवडावा. इथे तो 'शाळा'. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला हा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच, अविनाश देशपांडे निगडी यांना. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला आला. त्याला पदार्पणातल्या दिग्दर्शकासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार, आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार. दोन्हींत शाळकरी मुलगा आहे, त्याला आवडणारी वर्गातली मुलगी आहे, न बोललेलं प्रेम आहे. इतकं सारखं असल्यामुळे फरक स्वच्छ दिसतो.

'शाळा'मध्ये आपण कुणाला हसतो? मास्तरांना, आणीबाणीतल्या शिस्तीला, मोठ्यांच्या ढोंगाला. अर्धवट बांधलेल्या इमारतीवर बसलेली ती चार पोरं जगाची टर उडवतात, आणि आपण त्यांच्या बाजूने हसतो. हसू खालून वर जातं. जोशीचं दुःख खरं आहे, पण तो शाळेच्या आतला मुलगा आहे. शिरोडकर निघून जाते, तरी त्याची शाळेतली जागा कुणी हिसकावून घेत नाही.

'फँड्री'त हीच दिशा उलटी फिरते, पण एकदम नाही, हळूहळू. म्हणून मी गटाला सांगितलं की चित्रपटातली हसू एकाखाली एक लिहून काढा. मला त्यात तीन थर दिसतात.

पहिला थर जब्याबरोबरच्या हसण्याचा. आरशासमोर स्वतःला न्याहाळणारा जब्या, शालूला द्यायची चिठ्ठी, जीन्स पँटचं वेड. आणि काळी चिमणी. तिची राख अंगावर टाकली की माणूस वश होतो, असं सायकलच्या दुकानवाल्या चंक्याने सांगितलेलं. ती भूमिका स्वतः मंजुळेंनी केलीय. पिऱ्याला बरोबर घेऊन जब्या रानोमाळ गलोर घेऊन फिरतो. हे हसू 'शाळा'तल्यासारखंच आहे. आपण त्याच्या खांद्यावर हात टाकून हसतो.

दुसरा थर जत्रेत सुरू होतो. जब्या मिरवणुकीत नाचतोय, शालू बघतेय, आणि बाप त्याला डोक्यावर दिवा धरून उभं राहायला लावतो. आत्ता ज्या उजेडात तो नाचत होता, तोच उजेड आता त्याने दुसऱ्यांच्या नाचासाठी धरायचा. प्रसंगाची रचना विनोदाचीच आहे : हिरो व्हायला निघालेल्याचं सोंग ऐन वेळी उतरतं. शंभर विनोदी चित्रपटांत हे झालंय. इथे मात्र हसू घशात अडकतं, कारण सोंग उतरल्यावर खाली काय दिसतं? तर त्याला जन्माने लागलेलं काम.

मावळातल्या वाचकांना इथे थोडं थांबायला सांगतो. लग्नसराईत वडगाव-कामशेतच्या रस्त्यावर वराती तुम्ही बघितल्यायत. बँडच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर किंवा खांद्यावर दिवे घेऊन, वायरींनी एकमेकांना जोडलेली माणसं चालतात. वरातीच्या व्हिडिओत ती सगळ्यात जास्त उजेडात असतात आणि कुणालाच दिसत नाहीत. 'फँड्री'तला तो प्रसंग समजायला सिद्धान्ताआधी हे आठवलं तरी पुरे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. प्रबंधात 'आमच्याकडेही असंच असतं' एवढं लिहून भागत नाही. दिवे कोण धरतं, कोणत्या घरातली माणसं, कुणाच्या सांगण्यावरून, काय मजुरीवर, हे विचारावं लागतं, आणि उत्तर आपल्याला हवं तेच येईल असं धरून चालता येत नाही.

तिसरा थर शेवटचा, डुक्कर पकडण्याचा. गावच्या सांगण्यावरून कचरूचं अख्खं कुटुंब डुकरांमागे धावतंय, शाळेच्या अगदी जवळ. जब्या आधी लपायला बघतो, कारण वर्गातली पोरं बघतील. ती बघतातच. गर्दी जमते, शेरे पडतात, खेळाचा सामना बघावा तशी मजा चालते. त्या गर्दीत शालूही आहे, आणि ती हसतेय.

आता नीट बघा, हा पाठलाग चित्रित कसा केलाय. घसरणं, पडणं, हातातून निसटणं, पुन्हा धावणं. मूकपटांच्या काळापासून प्रेक्षक ह्याच गोष्टींवर हसत आलेत. म्हणजे दिग्दर्शकाने गर्दीला हसवणारं जे काही आहे ते आपल्यापुढेही तसंच ठेवलंय. पहिल्या थरात जब्याच्या खांद्यावर हात टाकून हसणारे आपण आता नकळत भिंतीपलीकडच्या पोरांत उभे असतो. हसू वरून खाली यायला लागलंय, आणि ते वाहून आणणाऱ्यांत आपणही आहोत.

राष्ट्रगीताचा प्रसंग

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो. मग घरचेही थबकतात. सगळे ताठ उभे. डुक्कर निघून जातं.

इथे बर्गसन उपयोगी पडतो. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसन यांचं हसण्यावरचं पुस्तक १९०० सालचं. त्यातल्या तीन गोष्टी आपल्याला पुरतात. एक, हसायचं तर काळीज थोडा वेळ बधिर व्हावं लागतं. दोन, हसणं हे नेहमी गटाचं असतं. तीन, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येतं. राष्ट्रगीताचा प्रसंग तिसऱ्या मुद्द्याचं उदाहरण म्हणून वर्गात शिकवावा असा आहे. जीव तोडून धावणारं शरीर एका क्षणात पुतळा होतं. त्यातून डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, हा विनोदाचा दुसरा पदर. नियम ज्यांना कळतो ते अडकतात, ज्याला कळत नाही ते सुटतं.

पण बर्गसनच्या पहिल्या मुद्द्याला हा प्रसंग दाद देत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी गुणवत्ता इथे आहे. काळीज बधिर होऊन हसू येतं खरं, पण पुतळे उभेच राहतात. राष्ट्रगीत पूर्ण होईपर्यंत आपल्याला त्यांच्याकडे बघत बसावं लागतं. हसू ओसरतं आणि वेळ उरतो. त्या उरलेल्या वेळात लक्षात येतं की शाळेने ह्या मुलाला शिकवलेली गोष्ट तो अंगी बाणवून बसलाय. तो शाळेचा उत्तम विद्यार्थी आहे. भिंतीच्या चुकीच्या बाजूला उभा असूनसुद्धा.

तेव्हा त्या प्रश्नाला माझं उत्तर : हसू येणं हे तुमचं चुकणं नाही. प्रसंग तसाच रचलाय. नंतर आलेली लाज हाही त्याच रचनेचा भाग. दोन्ही मिळून एक अनुभव आहे, त्यातलं एक खोडून दुसरं ठेवू नका.

ह्या प्रसंगाला काळाचाही एक पदर आहे. महाराष्ट्रातल्या थिएटरांत चित्रपटाआधी राष्ट्रगीत लावण्याची पद्धत २००३ पासून आहे. म्हणजे फेब्रुवारी २०१४ मध्ये 'फँड्री' बघणारा प्रेक्षक सुरुवातीला उभा राहून बसलेला होता, आणि मग पडद्यावर पुन्हा राष्ट्रगीत लागलं. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या थिएटरांत ते सक्तीचं केलं. राष्ट्रगीत चित्रपटाच्या कथेचा भाग म्हणून आलं तर उभं राहण्याची गरज नाही, हा खुलासा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला, आणि ९ जानेवारी २०१८ ला सक्ती उठली. २०१४ चा थिएटरमधला प्रेक्षक, २०१७ चा प्रेक्षक आणि आज मोबाइलवर झोपून बघणारा, ह्या तिघांपुढे हा प्रसंग सारखाच राहील का? 'प्रेक्षकांना असं वाटतं' असं वाक्य लिहिताना कोणते प्रेक्षक, हे लिहायची सवय लावा.

विरुद्ध बाजूला तिचं तिचं देऊ

चांगल्या समीक्षेत विरोधी मत त्याच्या सगळ्यात बळकट रूपात मांडावं लागतं. 'फँड्री'विरुद्धचे तीन आक्षेप मला दमदार वाटतात.

पहिला, भिंतीवरची चित्रं. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या वाहून नेतोय, आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. हा शॉट सगळ्यात जास्त लेखांत येतो. मला तो राष्ट्रगीताच्या प्रसंगापेक्षा उणा वाटतो. कारण सांगतो. तो बघताना प्रेक्षकाला विसंगती चटकन ओळखू येते, आपल्याला ती कळली ह्याचं समाधान मिळतं, आणि त्या समाधानात तो सुरक्षित होतो. राष्ट्रगीतात अशी सुरक्षित जागा नाही. तरी बचावाची बाजूही आहे : अशी चित्रं जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर असतात, दिग्दर्शकाला ती मुद्दाम टांगावी लागली नसतील, आणि प्रसंगातलं कुणीच त्या भिंतीकडे बघत नाही.

दुसरा आक्षेप शालूचा. तिला जवळजवळ संवादच नाहीत. तिला काय माहीत आहे, काय वाटतं, चित्रपट सांगत नाही. ती जब्याच्या नजरेत असते आणि शेवटी हसते, एवढंच. गोष्ट जब्याच्या डोळ्यांनी सांगितलीय हा बचाव मला पटतो, पण अर्धाच. ज्या चित्रपटाचा गाभाच 'कोण कुणाला हसतं' हा आहे, त्याने हसणाऱ्या एका तरी चेहऱ्यामागे जायला हवं होतं. ते न केल्याने गर्दी फक्त गर्दी राहते.

तिसरा आक्षेप जाहिरातीचा. तीन जानेवारीला 'टाइमपास' आला होता आणि त्यातल्या शाळकरी प्रेमाने थिएटरं भरली होती. त्याच मोसमात 'फँड्री' व्हॅलेंटाइन डेला आला, अजय-अतुल यांच्या गाण्यासह, आणि ते गाणं प्रत्यक्ष चित्रपटात नाहीच. प्रेमकथा बघायला आलेल्यांना फसवलं गेलं, असं म्हणता येतं. पण दुसरीकडून बघा : प्रेमकथा समजून आलेला प्रेक्षक पहिल्या थरात मनमोकळा हसतो, आणि तो तसा हसला नाही तर तिसरा थर त्याला बोचतच नाही. जाहिरात आणि रचना इथे एकाच दिशेला ओढतात. हेतू काय होता ते मी सांगू शकत नाही. परिणाम दाखवता येतो.

आता शेवटचा दगड. चिडवणाऱ्या पोरांवर जब्या दगड भिरकावतो, आणि एक दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. 'न बोललेलं भाषण' म्हणणाऱ्यांचा रोख ह्यावर असतो. फक्त शेवट बघितला तर ते खरं वाटेल. तीन थर लक्षात ठेवून बघितलं तर दगड योग्य पत्त्यावर येतो, कारण हसणाऱ्यांत आपण होतो. भिंतीच्या शॉटने दिलेली सुरक्षित जागाही तो काढून घेतो. म्हणून एकंदर हिशोबात माझं मत चित्रपटाच्या बाजूने पडतं, ह्या दोन उणिवा धरून.

"सगळ्यात जात का आणता?"

हा प्रश्न वादात आला, आणि व्हायवातही येऊ शकतो. चिडू नका. मघाची कसोटी पुन्हा लावा : काढून बघा. डुक्कर-पाठलागातून जात काढली तर काय उरतं? घसरणं, पडणं, धावणं, एक साधा गमतीचा प्रसंग. मग जब्या लपतो का, बाप सगळ्यांसमोर त्याला मारतो का, पोरं नेमका तोच शब्द ओरडून का चिडवतात, ह्यातलं काहीच समजत नाही. जात बाहेरून आणलेली नाही, प्रसंग तिच्यावर उभा आहे. असं उत्तर दिलं की वाद मनोवृत्तीवरून उठून पडद्यावरच्या पुराव्यावर येतो.

पण जातीबद्दल लिहायचं तर शब्द काटेकोर हवेत. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. जब्याचं घर कैकाडी आहे. बऱ्याच लेखांत, विशेषतः इंग्रजी लेखांत, त्याला सरळ 'दलित मुलगा' म्हटलेलं असतं. कैकाडी समाज विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातींत येतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. इंग्रजांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांच्यात हा समाज होता, आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तो शिक्का, ते गावाबाहेरचं जगणं आणि त्यातली शाळा समजून घ्यायची तर लक्ष्मण माने यांचं 'उपरा' वाचा. ते १९८० चं पुस्तक आहे. आता 'दलित' हा शब्द व्यापक राजकीय अर्थाने वापरता येतो, १९७० च्या दशकात दलित पँथरने तो तसा वापरलाही. वापरा, पण कोणत्या अर्थाने वापरताय ते पहिल्याच प्रकरणात लिहा. नाहीतर परीक्षक विचारतील, आणि त्यांचं विचारणं रास्त असेल.

वादाचं प्रश्नात रूपांतर

आता मूळ कामाकडे येऊ. गटात ऐकलेली तीन वाक्यं घेऊन ती संशोधनाच्या भाषेत कशी बदलायची, ते करून दाखवतो.

१. 'फँड्री हा श्रेष्ठ चित्रपट आहे.' ह्याऐवजी : 'फँड्रीमधील विनोदाची दिशा चित्रपटाच्या ओघात कशी बदलते, आणि ह्या बदलात प्रेक्षकाचं स्थान कोणतं?' पुरावा पडद्यावरच आहे. हसू येण्याजोग्या प्रत्येक प्रसंगाची नोंद करा : मिनिट-सेकंद, कोण हसतं, कुणाला, कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे. साधारण पावणेदोन तासांचा चित्रपट आहे, चार-पाच बैठकींत होईल. नोंदवही भरल्याशिवाय प्रकरण लिहायला बसू नका. माझे तीन थर तुमच्या नोंदीत चार निघाले, किंवा दोनच निघाले, तर तुमची नोंद खरी.

२. 'शेवट प्रचारकी आहे.' ह्याऐवजी : 'शाळा-विषयक मराठी चित्रपटांत शेवटच्या प्रसंगात प्रेक्षकाला थेट उद्देशण्याची तंत्रं कोणती?' आता तुम्हाला एक चित्रपट पुरणार नाही. 'शाळा', 'फँड्री' आणि मंजुळेंचाच आधीचा लघुपट 'पिस्तुल्या' एवढे तरी लागतील. निवडीची कारणंही द्यावी लागतील. 'मला आवडतात' हे कारण चालत नाही.

३. 'लोकांना हा चित्रपट कळलाच नाही, ते हसले.' ह्याऐवजी : 'ग्रामीण आणि निमशहरी महाविद्यालयीन प्रेक्षक राष्ट्रगीताच्या प्रसंगाला कसा प्रतिसाद देतात, आणि स्वतःच्या प्रतिसादाचा अर्थ कसा लावतात?' इथे माणसं आली, म्हणजे जबाबदारी आली.

ह्या तिसऱ्या प्रश्नावर दोन शब्द जास्त, कारण मावळात राहून करता येण्यासारखं काम हेच आहे. वडगावला आणि लोणावळ्याला एकेका महाविद्यालयात चित्रपट दाखवायचा, नंतर बोलायचं. सोपं वाटतं ना? पण त्या खोलीत एखादा मुलगा असा असेल की जो शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकतो, आणि एखाद्या पावसाळ्यात त्याच्याच वर्गातली पोरं गिऱ्हाईक म्हणून समोर आली होती. गावात ज्याच्या घराचं नाव घेऊन चिडवतात असाही कुणी असेल. तुमचा प्रश्न 'तू कुठे हसलास?' हा त्याच्यासाठी वेगळा प्रश्न आहे. सगळ्यांसमोर विचारलात, तर भिंतीपलीकडून बघणारी गर्दी तुम्ही स्वतः तयार केलीत.

म्हणून : लेखी संमती घ्या. चर्चेच्या मध्यात उठून जाण्याची मुभा आधीच सांगा. जात सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. पहिला प्रतिसाद कागदावर, नाव न घालता लिहून घ्या, गटचर्चा त्यानंतर. मुलाखत एकेकट्याने, त्यांच्या सोयीच्या जागी. नैतिकतेचं प्रकरण हे प्रबंधात शेवटी चिकटवायचं पान नव्हे, तुमची पद्धत त्यातूनच ठरते. आणि जो गप्प बसला त्याची 'प्रतिसाद नाही' अशी नोंद करू नका. आमच्या चर्चेतही एक जण शेवटपर्यंत बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला माहीत नाही, आणि तो मी माझ्या सोयीने लावणार नाही.

पुढच्या वेळेसाठी काम

'फँड्री' पुन्हा बघा. पहिल्यांदा आवाज चालू ठेवून, नंतर शेवटचा पाठलाग आवाज बंद करून. दोन्ही वेळा, जिथे हसू आलं त्या क्षणाची वेळ लिहा, आणि तेव्हा कॅमेरा भिंतीच्या कोणत्या बाजूला होता ते शेजारी लिहा. एक पान होईल. त्या पानावरून दोनशे शब्दांत एक दावा मांडा. 'उत्कृष्ट', 'हृदयस्पर्शी' आणि 'वास्तववादी' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. येताना पान घेऊन या, वाद त्यावरून सुरू करू.